तीन पेन्सच्या चहासाठी कोणी साम्राज्य सोडतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यूपीएससीसाठी जगाचा इतिहास वाचताय, अमेरिकन क्रांतीचं कारण म्हणून चहावरचा टॅक्स दिलाय, पण त्याच पुस्तकात पुढे लिहिलंय की १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता. मग पाउंडामागे (इथे पाउंड म्हणजे वजन, साधारण अर्धा किलो) तीन पेन्स टॅक्ससाठी कोणी राजाशी युद्ध करतं का, की खरं कारण व्यापाऱ्यांचा स्वार्थ आणि बाकी सगळं मागाहून रंगवलेलं? आणि शेवटी विचारलंय की ४ जुलै १७७६ ला नक्की काय झालं, त्या दिवशी देश तयार झाला का.

मी गेली तेवीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या मुलांना हा पेपर शिकवतेय आणि हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच, ज्या वर्षी कोणी विचारत नाही त्या वर्षी मला वाटतं की आपलं शिकवणं कुठेतरी कमी पडलं. तुम्ही पुस्तकातली विसंगती बरोबर पकडलीय. पण माझ्या मते विचारायचं ते हे, की तो पैसा कोण ठरवणार आणि तो जाणार कुणाच्या खिशात. ही दुसरी गोष्ट, कुणाच्या खिशात, बहुतेक गाइडांमध्ये सापडतच नाही आणि सगळी मेख तिथेच आहे.

वर्गात मी असं विचारते. गॅदरिंगची वर्गणी तुम्ही मुलंच बसून ठरवता, माणशी पन्नास रुपये, आणि खर्चही तुम्हीच करता. उद्या नोटीस लागली की यंदा फक्त पाच रुपये द्यायचे, पण किती घ्यायचे ते इथून पुढे आम्ही ठरवणार, हिशोब विचारायचा नाही, तर देणार का? मागच्या बाकावरून पहिलं उत्तर हमखास येतं, पाच तर आहेत, देऊन टाकू मॅडम. मग कोणीतरी म्हणतं, आणि पुढच्या वर्षी पाचशे मागितले तर? तिथून पुढचा तास मला फारसं बोलावं लागत नाही.

आता मूळ गोष्ट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या, वस्ती साधारण २५ लाख, त्यातले जवळजवळ पाच लाख गुलाम. प्रत्येक वसाहतीची स्वतःची निवडून दिलेली असेंब्ली होती, व्हर्जिनियाची तर १६१९ पासूनची, म्हणजे दीडशे वर्षं ही माणसं आपला टॅक्स आपणच लावत होती. लंडनहून जहाज यायला दीड-दोन महिने लागायचे, त्यामुळे तिकडचं सरकारही फार लक्ष घालत नव्हतं. १७६३ ला फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं, इंग्लंड जिंकलं पण कर्ज साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या वर गेलं, शिवाय अमेरिकेत दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं. लंडनचं म्हणणं साधं होतं, युद्ध तुमच्यासाठीही केलं, थोडा भार तुम्हीही उचला. हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, इंग्लंडातला माणूस त्या काळी वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त टॅक्स भरत होता. उत्तर लिहिताना हे जरूर लिहा, एकतर्फी उत्तर मला तरी पटत नाही.

म्हणून १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट आला, वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, अगदी खेळायच्या पत्त्यांवरही स्टॅम्प. दंगे झाले, विलायती मालावर बहिष्कार पडला आणि वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. पण मागे घेताना पार्लमेंटने दुसरा कायदा केला की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा हक्क आमचाच. १७६७ ला टाउनशेंड नावाच्या अर्थमंत्र्याने काच, शिसं, कागद, रंग आणि चहा यांच्यावर जकात लावली, पुन्हा बहिष्कार झाला, १७७० ला बाकीच्या जकाती काढल्या आणि चहावरची तेवढी ठेवली. हक्क सोडलेला नाही हे दाखवायला ठेवली.

आता खिशाचा मुद्दा. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला नेमायचा राजा, पण पगार द्यायची तिथली असेंब्ली, तोही दर वर्षी ठराव करून. म्हणजे राजाचा माणूस असला तरी त्याची चूल पेटायची ती स्थानिक लोकांच्या पैशावर, त्यामुळे त्याला त्यांचं ऐकून घ्यावं लागायचं. १७७२ ला कळलं की आता गव्हर्नरचा आणि वरच्या कोर्टाच्या जज लोकांचा पगार सरकार परस्पर देणार, जकातीच्या पैशातून, म्हणजे त्या चहाच्या तीन पेन्सातून. टॅक्स तुम्ही भरायचा आणि त्याच पैशाने तुमचा जज तुम्हाला उत्तर द्यायच्या बंधनातून मोकळा होणार! हे कळल्यावर त्याच नोव्हेंबरात बॉस्टनच्या लोकांनी पत्रव्यवहाराची कमिटी काढली आणि गावोगावी पत्रं धाडली, तुमचं मत कळवा म्हणून, आणि बऱ्याच गावांनी सभा भरवून उत्तरं दिली. माझ्या दृष्टीने क्रांतीची सुरुवात इथे आहे, चहाच्या पेट्या त्यानंतर वर्षभराने फुटल्या.

त्या पेट्या आल्या त्यामागे आपल्याकडचा संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती. बंगालची दिवाणी हातात आल्यावर पैशांचा पाऊस पडेल असं भागधारकांना वाटलं होतं, पण १७६९-७० चा बंगालचा भयंकर दुष्काळ, लष्कराचा खर्च, १७७२ ची लंडनमधली पतपेढ्यांची पडझड आणि गोडाऊनमध्ये कोट्यवधी पाउंड वजनाचा चिनी चहा विक्रीवाचून पडलेला. तिला वाचवायला १७७३ चा कायदा केला, इंग्लंडमधली जकात माफ आणि मधले व्यापारी टाळून कंपनीने नेमलेल्या एजंटांमार्फत थेट अमेरिकेत विक्री. त्यामुळे चहा डच स्मगलिंगच्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. बॉस्टनच्या एजंटांमध्ये गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. आणि अमेरिकेतली पत्रकं वाचली तर त्यात चक्क बंगालचा उल्लेख सापडतो, जॉन डिकिन्सन नावाच्या वकिलाने टोपणनावाने लिहिलं की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, दुष्काळात माणसं मेली आणि ही नफा मोजत होती, आता तिची नजर आपल्यावर आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप वेळ पुस्तक मिटून बसले होते. बंगालमधल्या त्या मेलेल्या माणसांची आठवण फिलाडेल्फियाच्या छापखान्यात कोणीतरी काढत होतं.

बॉस्टन बंदरातली अडचण कायद्याची होती. जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरायची, नाहीतर कस्टम माल जप्त करणार, आणि माल उतरल्याशिवाय हचिन्सन जहाजाला परतीचा परवाना द्यायला तयार नव्हता. डार्टमथ जहाजाची मुदत १७ डिसेंबरला संपत होती. म्हणून आदल्या संध्याकाळी, १६ डिसेंबर १७७३ ला, तीन जहाजांवर चढून ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या, साधारण ९२ हजार पाउंड चहा. त्यात एक बारीक गोष्ट बघा. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून न्यायचा प्रयत्न केला तर बाकीच्यांनी त्याला पकडून कोट फाडला आणि बदडून हाकलून दिलं. लुटीसाठी आलेला जमाव असं वागत नाही. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून मात्र कंपनीच्या चहाची जहाजं परतच पाठवली.

आता व्यापाऱ्यांच्या स्वार्थाचं. होता, नाकारायचं कारण नाही. पण हे कोणत्या वसाहतीबद्दल आणि कोणत्या माणसाबद्दल बोलतोय त्यावर आहे. बॉस्टनच्या काही व्यापाऱ्यांचा धंदा स्मगलिंगच्या मालावर होता. व्हर्जिनियाचे तंबाखूवाले जमीनदार लंडनच्या सावकारांच्या कर्जात होते, आणि १७६३ च्या जाहीरनाम्याने अ‍ॅपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करायला बंदी घातल्यामुळे तिथल्या जमिनी अडकल्या होत्या, त्यात वॉशिंग्टनसारख्यांचे पैसे गुंतले होते. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याला ना स्मगलिंगशी देणंघेणं ना व्हर्जिनियाच्या जमिनीशी, त्याला भीती होती कोर्टाची, कारण कर्जवसुलीत शेत जातं ते कोर्टातून. गुलामांसाठी तर स्वातंत्र्य बऱ्याचदा उलट दिशेला होतं, १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या फौजेत येतील ते मोकळे, आणि हजारो लोक इंग्रजांकडे पळाले. मूळच्या इंडियन लोकांमध्ये बऱ्याच जमाती इंग्रजांच्या बाजूने गेल्या, कारण डोंगराची ती रेषा त्यांना वाचवत होती. म्हणजे एकच एक कारण शोधू नका. पण एवढी वेगवेगळी हितं असलेली माणसं एकत्र का आली हे विचाराल तर त्याचं उत्तर १७७४ मध्ये आहे.

चहा ओतल्याची शिक्षा म्हणून लंडनने १७७४ ला बॉस्टन बंदर बंद केलं, आणि त्याहून मोठं म्हणजे मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. वरचं सभागृह आता राजा नेमणार, जज आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार, आणि गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. चहा बॉस्टनच्या बंदरातल्या शे-दीडशे लोकांनी ओतला आणि शिक्षा आख्ख्या वसाहतीला. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात बॉस्टन पाहिलं नव्हतं त्याच्या गावची सभा बंद!

आणि मग जे झालं ते मी दर वर्षी अख्खा एक तास घेऊन शिकवते, सिलॅबसमध्ये नसलं तरी. वूस्टर नावाचं बॉस्टनपासून चाळीसेक मैल आतलं गाव. ६ सप्टेंबर १७७४ ला तिथे नव्या कायद्याखाली कोर्ट भरणार होतं. सकाळी आजूबाजूच्या ३७ गावांमधून लोक आले, कोणीतरी नीट मोजलंय, ४६२२ माणसं, प्रत्येक गावाची आपापली तुकडी. त्यांनी कोर्टाचं दार आतून बंद करून टाकलं. जज, वकील, कोर्टाचे अधिकारी मिळून दोनेक डझन लोक एका खानावळीत अडकून पडले. दुपारी ही हजारो माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी राहिली आणि मधून त्या साहेब लोकांना डोक्यावरची टोपी हातात घेऊन चालायला लावलं, थोडं चालायचं, थांबायचं, आम्ही नव्या कायद्याखाली काम करणार नाही हे वाचून दाखवायचं, मग पुढच्या गावाच्या तुकडीसमोर पुन्हा तेच. तीसपेक्षा जास्त वेळा. एक गोळी सुटली नाही. जनरल गेज तेव्हा गव्हर्नर झाला होता, तो वूस्टरला सैन्य पाठवणार होता पण एवढी माणसं जमताहेत कळल्यावर त्याने पाठवलंच नाही.

ज्या जजला नव्या कायद्याखाली कोर्ट भरवायचं होतं तो जज हातात टोपी घेऊन शेतकऱ्यांसमोरून चालला, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. बॉस्टन शहर सोडलं तर मॅसॅच्युसेट्समध्ये राजाचं राज्य त्या शरद ऋतूत संपलं, लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटायच्या सात महिने आधी. ऑक्टोबरात लोकांनी आपली प्रांतिक काँग्रेस भरवली आणि तिने गावांना कळवलं की टॅक्सचा पैसा राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, हेन्री गार्डनर नावाच्या आमच्या माणसाकडे भरा. वूस्टरच्या गावसभेने ४ ऑक्टोबरला आपल्या प्रतिनिधीला सांगितलं की जुनी सनद परत मिळणार नसेल तर नवीन सरकारच उभं करा. म्हणजे जेफरसनने स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहायला लेखणी उचलायच्या वीस महिने आधी!

इतर वसाहतींमध्ये हे पसरलं ते फिलाडेल्फियाच्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसमुळे, सप्टेंबर-ऑक्टोबर १७७४, जॉर्जिया सोडून बाकी बारा वसाहती. तिने इंग्लिश मालावर बहिष्कार ठरवला आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला प्रत्येक काउंटीत, प्रत्येक गावात निवडून दिलेली कमिटी नेमायला सांगितली. या कमिट्या माल तपासायच्या, बहिष्कार मोडणाऱ्याचं नाव पेपरात छापायच्या, पुढे बंदुकीची दारूही गोळा करायला लागल्या. यात दमदाटी झाली, विरोधी मताच्या लोकांना डांबर फासून पिसं चिकटवणं हा प्रकार अंगावर काटा आणणारा आहे, आणि युद्ध संपेपर्यंत राजनिष्ठ असलेली साठेक हजार माणसं देश सोडून गेली. पण राज्य कसं हलतं ते इथे दिसतं. लोकांनी आपापसातल्या भांडणाचा निवाडा, टॅक्स आणि बंदुका या तिन्हीसाठी दुसऱ्या दारात जायला सुरुवात केली की जुन्या दारावर राजाचा शिक्का राहतो फक्त.

इथपर्यंतचं एकदा जुळवून घ्या: पगार कोण देणार यावरून कमिट्या निघाल्या, सनद बदलल्यावर गावं उठली, गावांनी कोर्ट आणि टॅक्स आपल्या हातात घेतला, आणि मगच युद्ध आलं. परीक्षेत हा क्रम लिहिलात तर तारखा आपोआप जागेवर बसतात.

१९ एप्रिल १७७५ ला गेजचे सातशे सैनिक काँकॉर्डचा शस्त्रसाठा जप्त करायला निघाले आणि लेक्सिंग्टनला रक्त सांडलं. तरी लोक राजाला सोडायला तयार नव्हते, भांडण पार्लमेंटशी आहे, राजा आपला आहे असंच वाटत होतं, जुलैत राजाला शेवटचा विनंती अर्जही पाठवला. राजाने ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर म्हणून जाहीर केल्या आणि जर्मन भाडोत्री सैन्य घेतलं. जानेवारी १७७६ ला थॉमस पेनचं छोटं पुस्तक आलं, कॉमन सेन्स, इंग्लंडहून येऊन त्याला वर्षाहून थोडंच जास्त झालं होतं, आणि त्याने राजा ही संस्थाच चुकीची आहे हे बाजारात बोलतात त्या भाषेत लिहिलं. वसंतात एकेक वसाहत, काउंटी, गाव आपापले स्वातंत्र्याचे ठराव करायला लागलं.

तुमच्या ४ जुलैचं उत्तर असं. वेगळं व्हायचं मतदान २ जुलैला झालं, बारा वसाहती बाजूने, न्यूयॉर्क तटस्थ, कारण तिच्या प्रतिनिधींना घरून परवानगीच आली नव्हती. डेलावेअरची मतं समसमान होती म्हणून सीझर रॉडनी नावाचा आजारी माणूस रात्रभर पावसात घोड्यावरून ऐंशी मैल आला आणि मत दिलं. ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला, बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला. जॉन अ‍ॅडम्सने बायकोला लिहिलं होतं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या साजरा करतील. गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा जेफरसनचा परिच्छेद चर्चेत काढून टाकला, हे विसरू नका, पुढच्या यादवी युद्धाचं बीज त्या खोडलेल्या ओळींत आहे.

युद्धाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही म्हणून थोडक्यात. १७७७ च्या साराटोगाच्या विजयामुळे १७७८ ला फ्रान्स उघडपणे आला, आणि ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस अडकला तो फ्रेंच आरमाराने समुद्र अडवला म्हणून. मराठी वाचकाने इथे एक समांतर रेघ ओढावी. त्याच वर्षांत इंग्रज इकडे पहिल्या मराठा युद्धात गुंतले होते, जानेवारी १७७९ ला वडगावला महादजींनी त्यांना तह करायला लावला, १७८० पासून हैदरशी वेगळी लढाई, आणि सालबाईचा तह मे १७८२ चा. पॅरिसचा तह होऊन अमेरिका मोकळी झाली सप्टेंबर १७८३ ला. आणि यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध लढताना पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके त्याच्या बाजूला होते. साम्राज्य एकीकडे आखडलं तेव्हाच दुसरीकडे मूळ धरत होतं, हे दोन धडे सुटे सुटे वाचले की कळत नाही.

पण स्वातंत्र्य मिळालं म्हणजे देश झाला का? माझ्या मते नाही, आणि हा भाग पोरं सगळ्यात जास्त गाळतात. १७८१ च्या पहिल्या व्यवस्थेत काँग्रेसला टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे मागायचं आणि वाट बघायची. लंडनच्या टॅक्सला इतके भाजले होते की स्वतःच्या केंद्र सरकारलाही टॅक्स लावू देईनात. आयात मालावर ५ टक्के जकात मागितली तर एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय संपला, कारण तेराच्या तेरा हवे होते. १७८३ च्या जूनमध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी वेढा घातला म्हणून काँग्रेसला फिलाडेल्फिया सोडून जावं लागलं.

आणि मग पुन्हा वूस्टर. मॅसॅच्युसेट्सने युद्धाचं कर्ज फेडायला रोख नाण्यांत टॅक्स मागितला, शेतकऱ्याकडे नाणं नाही, कोर्ट शेतं विकायला लागली. सप्टेंबर १७८६ ला शेतकरी बंदुका घेऊन वूस्टरच्या कोर्टासमोर उभे राहिले, बारा वर्षांपूर्वीसारखेच, त्याच महिन्यात. या वेळी पायऱ्यांवरचा जज होता आर्टेमस वॉर्ड, १७७५ ला बॉस्टनच्या वेढ्यात त्यांचाच सेनापती. ज्याच्या नावाने हे बंड ओळखलं जातं तो डॅनियल शेज बंकर हिलला आणि साराटोगाला लढलेला होता. एकाच युद्धातले सोबती आता एकमेकांसमोर संगिनी रोखून! काँग्रेसकडे सैन्याला द्यायला पैसा नाही, शेवटी बॉस्टनच्या श्रीमंतांनी पैसे घालून फौज उभी केली आणि बंड मोडलं.

या धक्क्यानंतर १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला ५५ प्रतिनिधी बसले आणि १७ सप्टेंबरला ३९ जणांनी नव्या राज्यघटनेवर सही केली. टॅक्स लावायचा अधिकार केंद्राला मिळाला, पण महसुलाचा प्रस्ताव निघणार लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहातूनच. गुलामांना मोजताना पाचातले तीन धरायचे ही लाजिरवाणी तडजोडही त्याच घटनेत आहे. ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि देश झाला असं मी धरते ते तिथून.

नव्या काँग्रेसच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक जकातीचा होता. वॉशिंग्टनने त्यावर सही केली ४ जुलै १७८९ ला. त्यात चहाही होता, बॉस्टनच्या पाण्यात सगळ्यात जास्त जो ओतला होता तो बोही जातीचा काळा चहा, अमेरिकन जहाजातून थेट आणला तरी पाउंडामागे सहा सेंट. त्या वेळच्या दराने जुने तीन पेन्स म्हणजे साधारण साडेपाच सेंट होतात. आणि तो त्यांनी भरला.